विषाची परीक्षा कोणी घ्यायची?

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना कावेरीच्या खोऱ्यात पापनाशम हे तालुक्याचे गाव लागते. पापाचा नाश करणारे गाव, असा त्याच्या नावाचा सरळ अर्थ. खर-दूषणांच्या वधाचे पातक फेडण्यासाठी प्रभू रामचंद्रांनी येथे शिवलिंगांची स्थापना केली, अशी आख्यायिका असून, एकशे आठ शिवालयांचे देऊळ तिची साक्ष म्हणून दाखवले जाते. सुमारे पावणेदोनशे वर्षे भोसल्यांच्या अमलाखाली राहिलेल्या तंजावर प्रांतातले हे गाव मराठी माणसाला अगदीच परके नाही. हातून पाप घडले तर ते धुऊन टाकण्याची सोय या देशात अशी गावोगावी आहे. विषाचे मात्र तसे नाही. ते एकदा पोटात गेले की कोणतीही नदी ते धुऊन काढत नाही. अमली पदार्थांविषयीचे भारताचे धोरण गेली चार दशके पापाच्या भाषेत बोलत आहे आणि माणसे मात्र विषाने मरत आहेत. हा फरक राज्यकर्त्यांच्या ध्यानात येत नाही, असे नव्हे. तो ध्यानात आणून देणे राजकीयदृष्ट्या सोयीचे नाही, इतकेच.

याच तामिळनाडूत जून २०२४ मध्ये कळ्ळकुरिची येथे विषारी दारूने साठहून अधिक लोकांचा बळी घेतला. त्याआधी मे २०२३ मध्ये विळुपुरम आणि चेंगलपट्टू जिल्ह्यांत वीसहून अधिक माणसे अशीच मरण पावली होती. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये शंभरावर, तर विक्रोळीला २००४ च्या डिसेंबरात ऐंशीहून अधिक माणसे गेली. या दुर्घटनांच्या बातम्यांत ‘दारूचे बळी’ असा शब्दप्रयोग रूढ आहे. परंतु कळ्ळकुरिची किंवा मालवणीत मारले ते दारूने नव्हे, तर तिच्या नावाखाली विकल्या गेलेल्या मिथेनॉल या औद्योगिक द्रावणाने. प्यायला बसलेल्या मजुराला या दोहोंतला फरक चवीने किंवा वासाने कळण्यासारखा नव्हता. कळ्ळकुरिचीनंतर जिल्हाधिकाऱ्यांची बदली झाली, पोलीस अधीक्षक निलंबित झाले, मृतांच्या वारसांना दहा-दहा लाख रुपये जाहीर झाले आणि त्याच महिन्यात विधानसभेने दारूबंदी कायद्यात दुरुस्ती करून शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढवली. त्या द्रावणात नेमके काय होते, याचा निर्वाळा प्रयोगशाळेने दिला, पण तो प्रेतांची रांग लागल्यानंतर.

विषाची परीक्षा पाहू नये, असे मराठीत म्हटले जाते. सल्ला रास्त आहे. तथापि ज्यांनी तो मानला नाही, त्यांच्या बाबतीत ही परीक्षा शेवटी होतेच. प्रश्न इतकाच उरतो की, ती काचेच्या नळीत व्हावी की माणसाच्या यकृतात आणि मेंदूत? हातभट्टीच्या दारूबाबत हा प्रश्न गरिबांच्या वस्तीत विचारला जातो. गेल्या दोन-अडीच दशकांत तोच प्रश्न गोव्याच्या किनाऱ्यावर, पुण्या-मुंबईच्या पबमध्ये आणि दिल्लीच्या फार्महाऊसवर येऊन उभा राहिला आहे. तेथे पेल्याऐवजी गोळी, भुकटी किंवा कागदाचा चिमुकला तुकडा असतो. घेणारे बहुधा सुशिक्षित, नोकरदार किंवा महाविद्यालयीन. विकत घेतलेल्या वस्तूविषयीचे त्यांचे अज्ञान मात्र मालवणीच्या मजुराइतकेच संपूर्ण असते.

पार्टीत ‘एक्स्टसी’ म्हणून विकली जाणारी गोळी एमडीएमए या रसायनाची असेल, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात तिच्यात एमडीएमए नेहमीच्या दुप्पट असू शकते, मुळीच नसू शकते किंवा त्याच्या जागी पीएमएमएसारखे अधिक घातक रसायन असू शकते. पीएमएमएचा परिणाम उशिरा जाणवतो. गोळी ‘लागली नाही’ असे समजून तरुण दुसरी घेतो, तिसरी घेतो आणि तासाभराने शरीराचे तापमान आवाक्याबाहेर जाते. अशा प्रसंगी माणूस नशेच्या मोहात मरतो, हे अर्धसत्य झाले. उरलेले अर्धे सत्य असे की, तो चुकीच्या माहितीमुळे मरतो.

ही माहिती वेळेवर मिळावी म्हणून युरोपातील काही देशांनी एक साधी व्यवस्था उभी केली. वापरणाऱ्याने आपल्याजवळील पदार्थाचा कणभर नमुना द्यायचा. तज्ज्ञाने यंत्रावर तपासून त्यात काय आहे आणि शक्य असेल तेथे किती आहे, ते सांगायचे. आणि त्याच बैठकीत आरोग्यसेवकाने धोक्याची स्पष्ट कल्पना द्यायची. नेदरलँड्समध्ये ही सेवा सरकारी पाठबळाने १९९२ पासून सुरू आहे. व्हिएन्नामध्ये ती १९९७ पासून चालते. तपासनीस कोणालाही ‘हा पदार्थ सुरक्षित आहे’ असे प्रमाणपत्र देत नाही. उलट, कोणताही नमुना सुरक्षित नसतो, हेच संभाषणाचे पहिले वाक्य असते. हार्म रिडक्शन, म्हणजे हानी कमी करण्याचे धोरण, ते हेच. सेवन थांबवता आले तर उत्तमच; पण ते थांबेपर्यंत माणूस जिवंत राहिला पाहिजे, हा त्यामागचा विचार.

या व्यवस्थेचे मोल २०१४ च्या अखेरीस एका घटनेने दाखवून दिले. ‘सुपरमॅन’चे चिन्ह असलेली गुलाबी गोळी नेदरलँड्समधील तपासणीत आली आणि तिच्यात पीएमएमएचे प्रचंड प्रमाण आढळले. तेथील यंत्रणेने वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणीवरून ताबडतोब धोक्याचा इशारा प्रसृत केला. नेदरलँड्समध्ये त्या गोळीने मृत्यू झाल्याची नोंद नाही. तशीच गोळी समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये पोहोचली आणि नाताळ ते नववर्ष या काळात तेथे चार जण दगावले. गोळी एकच, ऋतू एकच, घेणाऱ्यांचे वय आणि हौसही सारखीच. फरक होता तो एका देशातील प्रयोगशाळा जिवंत माणसांसाठी काम करत होती, एवढाच. पुढे ब्रिटनमध्येही हालचाल झाली. २०१६ मध्ये एका संगीत महोत्सवात ‘द लूप’ या संस्थेने पोलिसांच्या संमतीने तपासणी केली, तेव्हा पाचांपैकी साधारण एक नमुना विक्रेत्याने सांगितलेल्या पदार्थापेक्षा वेगळाच निघाला. अशी फसवणूक समजल्यावर अनेकांनी उरलेला माल नष्ट करण्यासाठी स्वाधीन केला. दंडुक्याने जे साधत नाही, ते तेथे कागदावरच्या अहवालाने साधले. २०२४ मध्ये ब्रिटनच्या गृहखात्याने ब्रिस्टॉलमधील नियमित केंद्राला परवाना दिला.

आता भारताकडे वळू. डिसेंबर २००७ मध्ये कांदोळीच्या किनाऱ्यावर ‘सनबर्न’ या नृत्यसंगीत महोत्सवाची सुरुवात झाली. २००९ मध्ये त्या महोत्सवाला आलेल्या एका तरुणीचा मृत्यू झाला आणि अतिसेवनाची चर्चा झाली. डिसेंबर २०१९ मध्ये वागातोर येथे महोत्सवाच्या काळात तीन तरुण पर्यटक दगावले. पुन्हा अतिसेवनाचा संशय, पुन्हा विधानसभेत आणि वृत्तपत्रांत गदारोळ, पुन्हा व्हिसेरा राखून ठेवल्याची बातमी. महोत्सवाला परवानगी द्यावी की नाही, यावर गोव्यात दर हिवाळ्यात वाद झडतो. तो महोत्सव मधल्या काळात पुण्याला गेला, गोव्यात परतला, उत्तरेला धारगळला सरकला आणि २०२५ च्या डिसेंबरात मुंबईत शिवडीला भरला. जागा बदलत गेल्या. मात्र येणाऱ्या तरुणाच्या खिशातील गोळीत काय आहे, हे सांगणारी व्यवस्था यांपैकी एकाही ठिकाणी नव्हती.

महाराष्ट्र पोलिसांनी तपासणी केली नाही, असे म्हणता येणार नाही. मार्च २००७ मध्ये सिंहगडाच्या पायथ्याशी धाड पडली आणि पावणेतीनशेहून अधिक तरुण-तरुणी ताब्यात घेतल्या गेल्या. ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबईत जुहूला आणि जून २०११ मध्ये खालापूरजवळ अशाच धाडी झाल्या. खालापूर प्रकरणात तर अमली पदार्थविरोधी पथकाच्या एका निरीक्षकालाच अटक झाली. या प्रत्येक वेळी तरुणांचे रक्त आणि लघवी तपासण्यात आली. दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांनी तोंड झाकून गाडीत चढणाऱ्या मुलामुलींची चित्रे दिवसभर दाखवली. म्हणजे तपासणीला राज्यसंस्थेचा तात्त्विक विरोध नाही. ती अटक झालेल्याचे शरीर तपासते, जप्त केलेला माल तपासते आणि मृताचा व्हिसेराही तपासते. ज्या एका तपासणीने प्राण वाचू शकतो, ती सेवनाआधीची तपासणी तेवढी निषिद्ध आहे. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण शासकीय कार्यपद्धती म्हणून स्वीकारल्याचे याहून ठळक उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

बाजारात मिळणारी भुकटी नेमकी कसली, याबद्दल खुद्द पोलीसही कसे अंधारात असू शकतात, याचा नमुना सातारा जिल्ह्याने २०१५ मध्ये पाहिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राने मेफेड्रोनला, म्हणजे बाजारातील ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’ला, नियंत्रित पदार्थांच्या यादीत घातले. पुढच्याच महिन्यात मुंबई पोलीस दलातील एका कर्मचाऱ्याच्या गावच्या घरातून शंभर किलोंहून अधिक भुकटी मेफेड्रोन म्हणून जप्त झाली. राज्यभर गाजावाजा झाला. पुढे न्यायवैद्यक तपासणीत ती भुकटी मेफेड्रोन नसून स्वयंपाकात वापरले जाणारे अजिनोमोटो असल्याचा अहवाल आला. अनुभवी तपासयंत्रणेची जर ही गत, तर पबच्या स्वच्छतागृहात घाईघाईने पुडी घेणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाला ती ओळखता येईल, ही अपेक्षा कशाच्या आधारावर करायची?

दरम्यान धंदा वाढतच गेला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून सुरू केलेल्या कारवाईत दीड हजार किलोंहून अधिक मेफेड्रोन हाती लागले. त्यातील मोठा साठा दिल्लीत सापडला. नाशिक आणि सोलापूर परिसरातील कारखानेही त्याआधीच्या वर्षी उघडकीस आले होते. परदेशातून चोरून आणलेली चैनीची वस्तू, ही पार्टी ड्रग्जची जुनी ओळख आता उरलेली नाही. औषधी रसायनांच्या वसाहतीत, मिळेल त्या कच्च्या मालावर आणि कोणत्याही गुणवत्ता-नियंत्रणाविना तयार होणारा हा माल आहे. एका हप्त्यातली भुकटी दुसऱ्या हप्त्यासारखी असेलच, असे नाही. आकड्यांचा विपर्यास मात्र करू नये. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दारू पिणाऱ्यांचे प्रमाण १४.६ टक्के, तर ॲम्फेटामिनवर्गीय उत्तेजके घेणाऱ्यांचे ०.१८ टक्के आणि कोकेन घेणाऱ्यांचे ०.१० टक्के होते. टक्का लहान दिसतो. पण दहा ते पंचाहत्तर वयोगटातील लोकसंख्येला त्याने गुणले, की संख्या लाखांत जाते.

या लाखांकडे कायदा कसा पाहतो? अमली औषधीद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ कायद्याचे विधेयक ऑगस्ट १९८५ मध्ये संसदेत आले, १६ सप्टेंबरला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १४ नोव्हेंबरपासून तो लागूही झाला. एवढ्या कठोर कायद्याचा इतका वेगवान प्रवास संसदीय इतिहासात क्वचितच झाला असेल. कलम ८ ने बाळगणे, विकणे, वाहून नेणे, सेवन करणे अशा सर्व कृतींवर बंदी घातली. कलम २७ नुसार सेवनासाठी पदार्थानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कलम २५ नुसार आपल्या जागेचा वापर अशा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून होऊ देणारा शिक्षेस पात्र ठरतो आणि कलम २९ नुसार साहाय्य करणाराही सुटत नाही. अशा स्थितीत एखाद्या डॉक्टरने किंवा रसायनशास्त्रज्ञाने महोत्सवाच्या दारात तपासणीचे टेबल मांडायचे म्हटले, तर नमुना हातात घेताक्षणी तो स्वतःच बाळगणारा ठरण्याची भीती आहे. आयोजकाची गोष्ट तर आणखी विचित्र. तपासणीला जागा द्यायची, म्हणजे आपल्या आवारात सेवन होते याची लेखी कबुली देणे होय. तेव्हा ‘येथे काहीही होत नाही’ असे म्हणत राहणे त्याच्या हिताचे ठरते.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात दिलेला निकाल या संदर्भात उद्बोधक आहे. जप्त केलेल्या मिश्रणात शुद्ध अमली पदार्थ किती, हे न पाहता भेसळीसह संपूर्ण वजन धरून अल्प किंवा व्यापारी मात्रा ठरवावी, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तस्करांना पळवाट राहू नये, हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. एमडीएमएची अल्प मात्रा अर्धा ग्रॅम, व्यापारी मात्रा दहा ग्रॅम. मेफेड्रोनची अनुक्रमे दोन आणि पन्नास. कायद्याची तराजू भेसळीसह वजन मोजते, त्यामुळे भेसळ कसली होती हे विचारण्याची तिला गरज पडत नाही. शरीराची तराजू वेगळी आहे. जगणे-मरणे ठरते ते त्या भेसळीवरच.

या कायद्याला फक्त दोनच माणसे ओळखीची आहेत: एक गुन्हेगार आणि दुसरा व्यसनी. व्यसनी माणसाने स्वेच्छेने उपचार घेतल्यास कलम ६४-अ त्याला खटल्यापासून अभय देते, आणि ही तरतूद स्वागतार्हच आहे. परंतु व्यसनी म्हणजे ज्याला पदार्थावाचून राहवत नाही असा माणूस, ही कायद्याची व्याख्या. वर्षातून दोन-तीनदा गोव्याला जाऊन गोळी घेणारा नोकरदार तरुण या व्याख्येत बसत नाही. उपचार केंद्रात त्याचे काम नाही आणि तुरुंगात त्याला पाठवून कोणाचे भले नाही. त्याहून गंभीर बाब त्याच्या मित्राची. शेजारचा मित्र तापाने फणफणतो आहे, बोलणे असंबद्ध झाले आहे. अशा वेळी रुग्णवाहिका बोलावली तर पाठोपाठ पोलीस येतील, या भीतीने जो अर्धा तास वाया जातो, तोच पुष्कळदा जीवन-मरणाचा ठरतो. मदतीसाठी हाक मारणाऱ्या या मित्राला अभय देणारी तरतूद कायद्यात नाही.

संसदेने हा विषय कधी हाताळलाच नाही, असे नव्हे. २००१ च्या दुरुस्तीने मात्रेनुसार शिक्षेची प्रतवारी आणली. पंधराव्या लोकसभेच्या अखेरच्या अधिवेशनात, फेब्रुवारी २०१४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने वेदनाशामक औषधांची वाट सुकर केली आणि व्यसनाधीनांच्या उपचाराबरोबर ‘व्यवस्थापन’ हा शब्द कायद्यात आणला. हानी कमी करण्याच्या कार्यक्रमांना त्या एका शब्दाने आधार दिला. मात्र त्याच दुरुस्तीत उपकलमांचे क्रमांक बदलताना कलम २७-अ मधील संदर्भ तसाच राहून गेला. ही चूक सात वर्षे कोणाच्या लक्षात आली नाही. त्रिपुरा उच्च न्यायालयाने ती दाखवून दिल्यावर २०२१ मध्ये आधी अध्यादेश आणि मग हिवाळी अधिवेशनात विधेयक आणावे लागले. ऑक्टोबर २०२१ मधील क्रूझ प्रकरणामुळे त्या वेळी देशभर हाच विषय चघळला जात होता. कायद्याच्या मूळ दृष्टिकोनाचा फेरविचार करण्याची ती संधी होती. संसदेने क्रमांक दुरुस्त केला आणि दृष्टिकोन तसाच ठेवला.

हे सारे आपल्या संस्कृतीला मानवणारे नाही, असा आक्षेप घेतला जातो. त्याला तामिळनाडूच्याच भूमीवर घडलेल्या एका घटनेत उत्तर आहे. १९८६ मध्ये मद्रास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्ताचे नमुने तपासले आणि देशात एचआयव्हीचा शिरकाव झाल्याचे प्रथमच सिद्ध केले. डॉ. सॉलोमन या चेन्नईत कातड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी गायतोंडे घराण्यातल्या. हा रोग पाश्चात्त्यांचा, भारतीय समाज त्यापासून मुक्त आहे, असे तेव्हा शहाणीसुरती माणसेही बोलत होती. तपासणी झाली नसती तर ती समजूत आणखी काही वर्षे टिकली असती आणि तिची किंमत लाखो लोकांनी मोजली असती. पुढे मणिपूरमध्ये सुया टोचून घेणाऱ्यांत साथ पसरली, तेव्हा त्या राज्याने १९९६ मध्ये हानी कमी करण्याचे धोरण स्वीकारले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने नंतर निर्जंतुक सुया आणि पर्यायी औषधोपचाराचे कार्यक्रम देशभर चालवले. म्हणजे व्यसन सोडवता येत नसेल तर निदान मरण टाळावे, हे तत्त्व भारत सरकारने केव्हाच मान्य केले आहे. फक्त ते सुईपाशी थांबले असून गोळीपर्यंत पोहोचलेले नाही.

तपासणीविरोधात घेतले जाणारे आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पहिला असा की, सरकारी टेबलावर तपासून मिळालेली गोळी तरुणाला सरकारमान्य वाटेल. दुसरा तांत्रिक आहे. रंग बदलणारी साधी रसायने एखादा पदार्थ आहे एवढेच सांगतात, किती आहे ते सांगत नाहीत. आणि गोळीच्या एका कोपऱ्यातला कण संपूर्ण गोळीचे प्रतिनिधित्व करेलच असे नाही. तिसरा आक्षेप सामाजिक न्यायाचा आहे. ग्रामीण आरोग्य केंद्रात सापाच्या विषावरचे औषध मिळण्याची मारामार असताना धनिकांच्या पोरांच्या चैनीसाठी सार्वजनिक पैसा का खर्चावा? ऑस्ट्रेलियातील अनुभवही दोन्ही बाजूंनी बोलका आहे. न्यू साऊथ वेल्समध्ये महोत्सवांतील सहा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याने २०१९ मध्ये तपासणीची शिफारस केली; प्रत्यक्ष चाचणी सुरू व्हायला २०२५ उजाडले. त्याच वर्षी शेजारच्या क्वीन्सलँडमध्ये सरकार बदलल्यानंतर ही सेवा बंद पाडण्यात आली. न्यूझीलंडने मात्र २०२१ मध्ये तिला कायमस्वरूपी कायदेशीर चौकट दिली.

या आक्षेपांना उत्तरे आहेत. अहवाल देणारा माणूस जर विक्रेत्यासारखा नव्हे, तर डॉक्टरसारखा बोलला, तर मान्यतेचा संदेश जात नाही. परदेशांतील कामाचा अनुभव तसाच आहे. यंत्रांच्या मर्यादा खऱ्या आहेत, म्हणूनच ते काम पुडीतल्या रंगपट्टीवर न सोडता प्रशिक्षित माणसाकडे द्यायला हवे. राहिला प्रश्न धनिकांचा. एमडीची भुकटी आता केवळ धनिकांपुरती उरलेली नाही, हे मुंबईच्या वस्त्यांत काम करणारे डॉक्टर आणि पोलीस, दोघेही जाणतात. शिवाय प्रयोगशाळेचा जो इशारा वागातोरच्या गोळीबद्दल निघू शकतो, तोच कळ्ळकुरिचीच्या पिशवीतल्या दारूबद्दलही निघू शकतो. माहितीला वर्ग नसतो. तिच्या अभावाची किंमत मात्र गरिबाला नेहमी जास्त पडते.

मग करायचे काय? उद्या सकाळी महोत्सवाच्या दारात टेबल मांडावे, अशी मागणी करणे सोपे आहे आणि ती तितक्याच सहजपणे फेटाळली जाईल. त्याऐवजी तीन पायऱ्यांनी जाता येईल. पहिल्या पायरीसाठी कायद्यात काना-मात्राही बदलावा लागत नाही. मुंबई, पुणे, वेर्णा येथील आणि केंद्राच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांत जप्त मालाचे नमुने येतच असतात. त्यांचे अहवाल आज सीलबंद पाकिटांतून न्यायालयात जातात आणि खटला उभा राहीपर्यंत पडून असतात. एखाद्या नमुन्यात नेहमीपेक्षा घातक घटक आढळला, तर आरोपी, ठिकाण, गुन्हा क्रमांक यांपैकी काहीही उघड न करता, ‘अमुक चिन्हाच्या गोळीत अमुक विष आढळले’ एवढा इशारा आरोग्य खात्यामार्फत रुग्णालयांना आणि जनतेला त्याच आठवड्यात देता येईल. अतिदक्षता विभागातील डॉक्टरालाही आपण कशावर उपचार करत आहोत, हे त्यामुळे कळेल. नेदरलँड्सच्या इशाऱ्यामागे यापेक्षा वेगळी जादू नव्हती.

दुसरी पायरी प्रायोगिक केंद्राची. कलम ८ ने वैद्यकीय आणि शास्त्रीय प्रयोजनासाठी, नियमांच्या चौकटीत आणि परवान्याखाली, अपवादाचे दार उघडे ठेवले आहे. कलम ७१ सरकारला केंद्रे स्थापण्याचा अधिकार देते. या दोहोंच्या आधारे नियम करून एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयात ठरावीक मुदतीसाठी असे केंद्र चालवता येईल. दरवर्षी लाखो पर्यटक अंगावर घेणारा गोवा त्यासाठी स्वाभाविक जागा आहे. मुदतीअंती निष्कर्ष विधानसभेच्या पटलावर ठेवावेत आणि योजना फसली असेल तर ती बंद करण्याची हिंमतही दाखवावी. तिसरी पायरी संसदेची आहे. मदतीसाठी हाक मारणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी हाक मारली त्याच्यावर केवळ सेवनाचा गुन्हा दाखल होणार नाही, एवढी एक ओळ कलम २७ ला जोडणे. तस्कराला तिचा काडीचाही फायदा नाही. फायदा झालाच तर कोणाच्या तरी मुलाला होईल.

नॉर्थ ब्लॉक, शास्त्री भवन आणि निर्माण भवन या तीन इमारतींत गृह, अर्थ, सामाजिक न्याय आणि आरोग्य खात्यांनी हा विषय वर्षानुवर्षे एकमेकांकडे ढकलला आहे. कायदा महसूल विभागाचा, कारवाई गृहखात्याची, पुनर्वसन सामाजिक न्यायाचे आणि प्रेत आरोग्य खात्याचे, अशी ही वाटणी. कार्यालयांचे पत्ते बदलत आहेत. वाटणी बदललेली नाही. त्या टेबलांमागे बसणाऱ्यांत मराठी अधिकारीही थोडे नाहीत आणि त्यांची मुलेही पुण्यात, बंगळुरूत, दिल्लीत शिकायला आहेत. या विषयावरची फाईल पुढे सरकवण्याचे धैर्य कोणी दाखवत नाही. कारण नशेला पाठीशी घातल्याचा आरोप होईल, ही भीती. आरोप होईलही. ॲड्सच्या काळात सुई वाटणाऱ्यांवरही तो झाला होता.

पापनाशमहून अर्ध्या-पाऊण तासावर असलेल्या तंजावरात दुसऱ्या सरफोजीराजांनी दोनशे वर्षांपूर्वी धन्वंतरी महाल उभारला. तेथे निरनिराळ्या वैद्यकपद्धतींतील औषधे तयार केली जात, त्यांचे गुण पडताळले जात आणि त्यांच्या नोंदी ठेवल्या जात. रुग्णाने आधी पापक्षालन करून यावे, अशी त्या राजाची अट नव्हती. पदार्थ कोणता, तो काय करतो, किती प्रमाणात करतो, हे आधी जाणून घ्यावे आणि मग प्रजेला सांगावे, एवढा साधा राजधर्म त्याने पाळला. पापाचा निवाडा करायला नद्या आहेत, देवळे आहेत आणि गरज पडल्यास न्यायालयेही आहेत. विषाची परीक्षा मात्र प्रयोगशाळेतच व्हायची असते, आणि तिचा निकाल शवागारात नव्हे, तर जिवंत माणसाच्या हातात पडायचा असतो.